बाबांचा जुना छोटा ट्रॅक्टर: रस्ता, चिखल आणि बागेच्या कामांसाठी त्याला काय जोडावं?

सिमरोलची_वाट (इंदूर)
६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आमचं घर इंदूरला रामबागेत. खंडवा रोडला सिमरोलच्या अलीकडे बाबांनी साडेचार बिघे जमीन घेऊन पेरूची बाग लावली. सोबत लिंबाची पंधराएक झाडं, आणि एका तुकड्यात गहू. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. तेवढी वर्षं बाग मक्त्याने दिली होती. यंदा मी बँकेतून निवृत्त झाले आणि बाग स्वतः बघायचं ठरवलं.

शेडमध्ये बाबांचा ट्रॅक्टर उभा आहे. मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी, तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, साडेअठरा एचपी. चार वर्षांत कुणी त्याला हात लावलेला नाही. सोबत तीन फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा) आणि एक छोटी ट्रॉली, एवढंच सामान.

खरी अडचण रस्त्याची. डांबरी रस्त्यापासून आमच्या फाटकापर्यंत चारशे फूट. खाली काळी माती, वर बाबांनी कधीकाळी टाकलेला मुरूम. जुलै ते सप्टेंबर तिथे निव्वळ चिखल. व्यापाऱ्याची पिकअप आत येत नाही, पावसाळी बहाराचे क्रेट बायका डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत नेतात. यंदा त्यातली एक जण घसरून पडली, मनगटाला प्लास्टर लागलं. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

मला करून घ्यायची कामं: रस्ता सारखा करणं, शेणखत वाहणं, ओळींमधलं गवत आणि गाजरगवत काढणं, नव्या रोपांसाठी खड्डे, जमलं तर फवारणी. एका दुकानदाराने सांगितलं, पुढे लोडर (माती उचलणारं खोरं) बसवून घ्या. दुसरा म्हणाला, हा विका आणि मोठा घ्या. ट्रॅक्टर विकायचा नाही. पैसे बेताचे आहेत. सुरुवात कुठून करू?


पान्हा_१९ (इंदूर, सांवेर रोड)
६ ऑक्टोबर, रात्री १०:३५

ताई, अवजारांचं नंतर बघू. चार वर्षं उभ्या ट्रॅक्टरला एकदम सेल्फ मारू नका, आणि कुणाला मारूही देऊ नका. हौसेने बॅटरी लावून फिरवलेली इंजिनं माझ्याकडे खोलायला येतात, म्हणून सांगतो.

आधी डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करा. तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ निघेल. तो पंपात गेला की खर्च इंजिनाचा नाही, पंप आणि नोझलचा, आणि तो इंजिनापेक्षा कमी नसतो. टाकी धुऊन, नवीन डिझेल फिल्टर लावूनच ताजं डिझेल घाला. इंजिन ऑइल बदला, ते कसं दिसतं ते न बघता बदला. एअर क्लीनरचं भांडं खोला, त्यात उंदराचं घरटं सापडलं तर नवल नाही. रेडिएटरचं पाणी काढा. त्याला गंजाचा रंग असेल तर दोनदा धुवा.

मग मोठा पान्हा लावून पुढची पुली हाताने फिरवून बघा. इंजिन सहज दोन फेरे फिरलं, कुठे अडलं नाही, तर पुढे जायचं. डिझेलच्या लाइनमधली हवा काढायची: फिल्टरवरचा बोल्ट ढिला करून, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत. त्यानंतर सेल्फ.

क्लच प्लेट चिकटलेली असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना गिअर न्यूट्रलमध्ये, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद, समोर माणूस नको आणि भिंतही नको.

हायड्रोलिकची परीक्षा घरच्या घरी होते. काडी काढून तेल बघा. दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, तेल पूर्ण बदला. मग रोटाव्हेटर लिफ्टवर उचला, इंजिन बंद करा, आणि किती वेळात खाली येतो ते लांब उभं राहून बघा. अर्धा तास जागचा हलला नाही तर सिलिंडर चांगला. पाच मिनिटांत जमिनीला टेकला तर सील गेले. उचललेल्या अवजाराखाली हात घालायचा नाही, कोणी कितीही भरवसा दिला तरी.

शेवटी ब्रेक. डावे-उजवे वेगळे पेडल असतात. शेतात वळताना एकच दाबतात, पण रस्त्यावर दोन्ही पट्टीने एकत्र अडकवलेले पाहिजेत. ती पट्टी आहे का, आधी तेवढं बघून सांगा.


मोहोर (मानपूर)
७ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

पेरूच्या ओळीत रोटाव्हेटर चालवू नका ताई. पेरूची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात, रोटाव्हेटर ती कापत जातो. आम्ही तीन वर्षं केलं आणि झाडं सुकल्यासारखी का दिसतात ते कळायला तीन वर्षं लागली. आता स्लॅशर लावतो. गवत दोन-तीन इंचांवर कापायचं आणि तिथेच पडू द्यायचं. उन्हाळ्यात जमिनीतली ओल टिकते.

गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी. फुलल्यावर कापलं तर बी सगळीकडे जातं, आणि ते अंगावर उठतं ते वेगळं. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला फडकं.


रामबाग_ते_बफेलो (बफेलो, अमेरिका)
७ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

ताई, रामबाग वाचलं आणि थांबलो. माझंही लहानपण तिथलंच. पंचवीस वर्षांपासून बफेलोत आहे. तुमच्या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध आहे, फक्त माझा रस्ता चिखलाने नाही, बर्फाने अडतो.

आमच्याकडचं बर्फ म्हणजे काय ते आधी सांगतो. ईरी सरोवराचं पाणी हिवाळ्याच्या सुरुवातीला अजून कोमट असतं. त्यावरून गारठलेला वारा वाहतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्याला आला की बर्फ टाकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथून जवळ ऑर्चर्ड पार्कला तीन-चार दिवसांत ८० इंचांच्या आसपास बर्फ पडलं.

माझ्याकडे जॉन डियर ३१८ आहे. १९८३ ते १९९२ या काळात हे मॉडेल बनत असे. अठरा एचपी, दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, म्हणजे ताकद जवळपास तुमच्याइतकीच. उन्हाळ्यात पोटाखाली गवत कापायचा डेक, हिवाळ्यात तो काढून पुढे ब्लेड. मोठं वादळ आलं की ब्लेडच्या जागी स्नो ब्लोअर: एक स्क्रू बर्फ मध्यभागी ओढतो आणि मागचा पंखा ते नळकांड्यातून बाजूला फेकतो.

माझ्या घरापुढचा रस्ता साठ फूट लांब, बारा फूट रुंद. एक फूट बर्फ म्हणजे ७२० घनफूट, साधारण २० घनमीटर. ताजं, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरलं तरी दोन टन. ओलं असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. हे सगळं एका सकाळी, कामावर जायच्या आधी.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली: या कामात एचपी पुरून उरतो, कमी पडतं ते वजन आणि पकड. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अठराचे तीस एचपी केले तरी काही होत नाही. म्हणून इथे मागच्या चाकांना लोखंडी वजनं लावतात, टायरांत द्रव भरतात, वर साखळ्या चढवतात. साधं पाणी इथे गोठेल म्हणून जुने लोक कॅल्शियम क्लोराईडचं द्रावण भरत. ते रिम खातं. आता बरेच जण बीटच्या रसापासून बनवलेला द्रव भरतात, तो गोठतही नाही आणि गंजही आणत नाही. इंदूरला पाणी गोठायची भीतीच नाही. तुमचं काम फुकटात होण्यासारखं आहे.

आणि लोडर नको. लोडर पुढच्या धुऱ्यावर सगळा भार टाकतो. छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा धुरा त्यासाठी बनवलेला नसतो, मागची चाकं हलकी होतात आणि जिथे पकड हवी तिथेच ती जाते. तुमच्या चारशे फुटांसाठी मागच्या तीन जोडांवर बसणारी ब्लेड पुरेल.


सिमरोलची_वाट
७ ऑक्टोबर, दुपारी १:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. पान्हा_१९, पट्टी आहे, पण गंजून घट्ट झाली आहे. डिझेलची टाकी आज रिकामी केली. तुम्ही म्हणालात तसंच, तळाचं अर्धा लिटर पाणी आणि काळा गाळ.

ब्लेड किती रुंद घ्यायची? मी मागची चाकं बाहेरून बाहेर मोजली, ४३ इंच. दुकानात चार फुटीपासून सहा फुटीपर्यंत दिसतात, आणि दुकानदार सहा फुटीच घ्या म्हणतो, काम लवकर होईल म्हणून.


रामबाग_ते_बफेलो
७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

सहा फुटी घेऊ नका. ब्लेड सरळ लावली तर माल पुढे ढकलत नेते, वाकडी लावली तर बाजूला सारते. तुम्हाला बहुतेक काम वाकडीनेच करायचं आहे. वाकडी केली की ती रुंदीला कमी पडते. साडेचार फूट म्हणजे ५४ इंचांची ब्लेड ३० अंश वळवली की जेमतेम ४७ इंच रस्ता साफ करते. तुमच्या चाकांचे ४३ इंच त्यात बसतात, दोन्हीकडे दोन-दोन इंच सुटतात. चार फुटी त्याच कोनात साडेएक्केचाळीसवर येते, म्हणजे तुमचंच चाक तुम्हीच सारलेल्या मुरमावर चढणार. सहा फुटी भरली की ट्रॅक्टर तिला ओढू शकणार नाही, जागेवर माती उकरत बसेल.

ब्लेड तीन गोष्टींत फिरली पाहिजे: डावी-उजवी, एक टोक खाली एक वर, आणि पूर्ण उलटी. उलटी ब्लेड पाठीने चालते, उकरत नाही, फक्त चोपून सारखं करते. शेवटचा हात तिचाच.


पान्हा_१९
७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

बफेलोवाले दादा बरोबर सांगताहेत. इंदूरला तिला लेव्हलर म्हणतात, कोणी टेरेसर ब्लेड. नवीन घेण्याआधी लोहा मंडीत किंवा सांवेर रोडला बनवणाऱ्याकडे जा. ते किलोवर भाव करतात. पातं मात्र बोल्टने बसवलेलं मागा, वेल्डिंगने नको. पातं झिजलं की बदलता आलं पाहिजे.

जोडणीच्या पिना मोजून न्या. कॅटेगरी एकच्या (हे जोडणीचं ठरलेलं माप) लिंकेजला खालच्या पिना २२ मिलिमीटर, टॉप लिंकची, म्हणजे वरच्या जोडदांड्याची, १९. काही छोट्या ट्रॅक्टरना त्याहून लहान असतात. भोक मोठं आणि पिन बारीक असली तर ब्लेड हिसके देते आणि महिन्याभरात दोन्ही लंबगोल होतात.


कडबा (देवास)
८ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

टायरात पाणी भरण्याच्या मी विरोधात आहे. आमच्याकडे भरलं होतं. पंक्चर झालं तेव्हा गाडी उचलून पाणी काढायला अर्धा दिवस गेला, आणि रिम आतून गंजलेली निघाली. लोखंडी वजनं लावा, नको तेव्हा काढून ठेवा.


पान्हा_१९
८ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

कडबा भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे, पंक्चरचा त्रास होतो. पण ताईंचा ट्रॅक्टर छोटा आणि जुना. वजनं मिळायला शोधावं लागेल, पाणी विहिरीत आहे. ट्यूब असलेला टायर असेल तर पाणी ट्यूबमध्ये राहतं, रिमला लागत नाही. व्हॉल्व्ह वर आणून त्या पातळीपर्यंतच भरायचं, म्हणजे टायर साधारण तीन चतुर्थांश भरतो आणि वर हवेला जागा राहते. पूर्ण भरलेला टायर दगडासारखा उडतो.


कडबा
८ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

ट्यूब असेल तर माझा विरोध मागे. पण मागे ब्लेड आणि टायरात पाणी, मग पुढची चाकं हलकी होतील. त्याचं काय?


पान्हा_१९
८ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

बरोबर बोललात. एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढच्या चाकांवर हवा, नाहीतर स्टिअरिंग फिरतं आणि ट्रॅक्टर वळत नाही. टायरातलं पाणी धुऱ्यावरच बसतं, त्याने पुढचं काही उचललं जात नाही. उचलते ती मागे लटकणारी ब्लेड. ब्लेड वर उचलून सपाट जागेवर हळू चालवून बघायचं. पुढचं चाक हलकं वाटलं तर बंपरवर वजन.


गिट्टी_मुरूम (इंदूर)
८ ऑक्टोबर, दुपारी ४:००

बांधकाम खात्यात रस्त्यांवर नोकरी झाली, म्हणून ट्रॅक्टरबद्दल नाही, रस्त्याबद्दल बोलतो. ब्लेड कितीही चांगली आणली तरी रस्ता चुकीच्या आकाराचा केला तर पुढच्या जुलैत परत चिखलच होईल.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. तिला पाण्यापासून दूर ठेवणं हाच एक उपाय. रस्ता मधे उंच, दोन्हीकडे उतरता हवा. शंभराला चार एवढा उतार धरा. तुमचा रस्ता दहा फूट रुंद असेल तर मध्यापासून कडेपर्यंत पाच फूट, म्हणजे मध्य कडेपेक्षा अडीच इंच उंच. डोळ्याला फारसं दिसणार नाही, पाण्याला कळेल. दोरी आणि पाण्याची नळी लावून मोजा, अंदाजाने नको.

कडेला चर हवा, आणि चर कुठेतरी जाऊन सुटला पाहिजे. बहुतेक लोक चर खणतात आणि तो शेवटी बंद ठेवतात. मग तो चर राहत नाही, तळं होतं. फाटकापाशी पाणी रस्ता ओलांडत असेल तर तिथे नळ्या टाकून मोरी करा, ब्लेडने ते होणार नाही.

वेळ महत्त्वाची. आत्ता लगेच ब्लेड लावली तर चिखल ओढला जाईल. डिसेंबरात लावली तर दगडावर घासल्यासारखं होईल. मधे वाफसा येतो तेव्हा करायचं. मूठभर मुरूम-माती हातात दाबा, गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. त्या चार-पाच दिवसांत ट्रॅक्टर तयार ठेवा.

आणि ब्लेड खोल घालू नका. वरचा मुरूम कडेला वाहून गेलेला असतो, तो खरवडून मध्याकडे आणायचा. काळ्या मातीत पातं गेलं की ती मुरमात मिसळते, आणि तो मुरूम फुकट गेला.


रामबाग_ते_बफेलो
८ ऑक्टोबर, रात्री ८:०५

गिट्टी_मुरूम काका, हे आमच्या बर्फालाही तंतोतंत लागू पडतं. माझ्या रस्त्यावर खडी आहे. पहिल्या बर्फाला ब्लेड जमिनीला टेकवली तर सगळी खडी हिरवळीवर जाते आणि एप्रिलात दंताळ्याने परत आणावी लागते. म्हणून ब्लेडच्या खालचे बूट (जमिनीवर घसरणारे लोखंडी टेकू) इंचभर उंच ठेवतो आणि बर्फाचा एक पातळ थर मुद्दाम राहू देतो. तो दबून घट्ट होतो, मग त्यावरून ब्लेड सरळ जाते. ताईंनीही ब्लेडला असे बूट लावून घ्यावेत.

आणखी एक. सुरुवातीच्या बर्फाचे ढीग आम्ही लागतात त्यापेक्षा फार लांब नेतो. कडेलाच टाकले तर फेब्रुवारीपर्यंत रस्ता दोन्ही बाजूंनी आखडत जातो आणि नवीन बर्फ टाकायला जागा उरत नाही. चरातून काढलेली माती कडेलाच लावून ठेवू नका, तीच पुढे पाणी अडवते.


विश्वामित्री (बडोदा)
९ ऑक्टोबर, सकाळी १०:२५

बडोद्याचा म्हणून ट्रॅक्टरच्या धाग्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या विश्वामित्रीच्या कारखान्यातून हिंदुस्तान ट्रॅक्टर बाहेर पडायचे. पुढे कारखाना गुजरात सरकारकडे गेला, १९९९ मध्ये महिंद्राने त्यात मोठा हिस्सा घेतला. ते ट्रॅक्टर अजून खेड्यांत चालताना दिसतात. जुना ट्रॅक्टर सांभाळला तर पिढीभर चालतो, यात मला शंका नाही.

पण मी लिहायला बसलो ते पीटीओबद्दल. कोणी अजून त्याचं नाव नीट घेतलं नाही.

पीटीओ ५४० फेऱ्यांवर चालतो, मिनिटाला. म्हणजे सेकंदाला नऊ. त्याचा दांडा पस्तीस मिलिमीटर जाड, एका फेऱ्यात अकरा सेंटिमीटर कापड गुंडाळतो. सेकंदाला एक मीटर. जोडाच्या जागी तो जाड असतो, तिथे याच्या दुप्पट. "सोडवून घेऊ" असा विचार मनात येईपर्यंत पदर, ओढणी, धोतर, सगळं आत गेलेलं असतं. माझ्या मामांचा उजवा हात खांद्यापासून असाच गेला. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं होतं आणि "एवढा हंगाम काढू" म्हणून तसंच चालवलं.

ताई, तुमच्याकडे बायका काम करतात. शाफ्टला पूर्ण आवरण, आणि ते शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून साखळीने बांधलेलं, हे रोटाव्हेटर आणि स्लॅशर दोन्हीला झाल्याशिवाय कुणालाही जवळ येऊ देऊ नका. पीटीओ चालू असताना ट्रॅक्टरवरून कुणी उतरायचं नाही.


मोहोर
९ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

विश्वामित्री, तुमच्या मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्या स्लॅशरचं आवरण मी आजच बघून आले. एका बाजूने फाटलेलं आहे. उद्या बदलणार.


रामबाग_ते_बफेलो
९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

ब्लोअर जाम झाला की इथेही लोक हात घालतात. इंजिन बंद केलं तरी अडकलेलं बर्फ सुटताच पंखा अर्धा फेरा फिरतो, तेवढ्याने बोटं जातात. म्हणून सोबत काठी ठेवतो आणि काठीनेच काढतो, तेही इंजिन बंद करून.

शिअर बोल्टचंही सांगून ठेवतो, स्लॅशरलाही तो असतो. दगड लागला की हा मऊ बोल्ट तुटतो आणि गिअर बॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून कोणी कडक बोल्ट घालतं. माझ्या ब्लोअरमध्ये आधीच्या मालकाने घातला होता, मला माहीत नव्हतं. बर्फात गाडलेला वर्तमानपत्राचा गठ्ठा आत गेला, बोल्ट टिकला, गिअर फुटले. शिअर बोल्ट सांगितलेल्याच मापाचा आणि मऊपणाचा हवा, दोन-चार टूलबॉक्समध्ये ठेवायचे.


पान्हा_१९
९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

ताई, स्लॅशर घेण्याआधी हे करून बघा. पीटीओ चालू करून क्लच दाबा. दाबल्यावर पीटीओ थांबत असेल तर तो गिअर बॉक्समधूनच चालतो. स्लॅशरचं जड पातं भोवऱ्यासारखं फिरत राहतं, आणि अशा ट्रॅक्टरला क्लच दाबला तरी ते उलट्या वाटेने चाकं ढकलतं. तुम्हाला वाटतं आपण थांबलो, ट्रॅक्टर दोन हात पुढे कुंपणात. यासाठी एकाच दिशेने फिरणारं कपलर मिळतं, पीटीओच्या टोकावर बसतं. ते लावूनच स्लॅशर.

झाडाचं खोड किंवा रुतलेली गाडी ओढायची वेळ आली तर साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला (ओढायच्या पट्टीला). टॉप लिंकला किंवा धुऱ्याला बांधून ओढलं की पुढचं तोंड उचलतं आणि सेकंद-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर. तुमच्या जुन्या ट्रॅक्टरला वर संरक्षक कमान नसेल. ओढायचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या असंच मी सांगेन.


सिमरोलची_वाट
१९ ऑक्टोबर, रात्री ८:४५

काल ट्रॅक्टर सुरू झाला.

पान्हा_१९ स्वतः आले होते, मी बोलावलंही नव्हतं. क्लच चिकटलेला निघाला, हायड्रोलिकचं तेल दुधाळ होतं, ते बदललं. ब्रेकची पट्टी सोडवली. हवा काढल्यावर तिसऱ्या सेल्फला इंजिनाने पांढरा धूर टाकला आणि मग एकसारखा आवाज लागला. बाबा सकाळी सहाला बागेत तो सुरू करत तेव्हा आई चहा ठेवायची. आई काल शेडमध्ये खुर्ची टाकून बसली होती, आवाज आल्यावर काही बोलली नाही, उठून चहा ठेवायला गेली.

रोटाव्हेटर उचलून ठेवला होता, चाळीस मिनिटांनी बघितलं तर बोटभरही खाली आला नव्हता. टायरांना ट्यूब आहे, पाणी भरलं. शाफ्टची दोन्ही आवरणं नवीन. साडेचार फुटी लेव्हलर बनवायला टाकली आहे, बोल्टच्या पात्याची, खाली बूट लावून.


मोहोर
२० ऑक्टोबर, सकाळी ६:५०

आईंना नमस्कार सांगा.

खड्ड्यांचं राहिलंच होतं. पीटीओवरचा ऑगर (खड्डे पाडणारा मोठा स्क्रू) भाड्याने मिळतो, विकत घेऊ नका, वर्षातून चार दिवसांचं काम. पण काळ्या मातीत ओल असताना ऑगर चालवला की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पेरूची कोवळी मुळं त्या भिंतीला अडून आतल्या आत गोल फिरतात, जणू कुंडीत लावलंय. खड्डा झाला की पहारीने भिंती चारी बाजूंनी खरवडून घ्या. आमच्या पन्नास रोपांत हे न केलेली आणि केलेली दुसऱ्या वर्षी लांबून ओळखू येत होती.


सिमरोलची_वाट
११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

वाफसा आला तो तीनच दिवस टिकला. गिट्टी_मुरूम काकांनी सांगितल्याप्रमाणे मूठ दाबून बघत होते. रोज सकाळी आमच्या गड्याकाकांना मुठी दाबून दाखवायची सवयच लागली.

पहिल्या दिवशी माझ्याकडून ब्लेड खोल गेली. दहा फुटांत काळी माती वर आली. थांबले, टॉप लिंकने पात्याचा कोन बदलला, मग पातं घासायला लागलं, खणायला नाही. दोन्ही कडांचा मुरूम मधे आणायला सहा-सहा फेरे लागले. वाहून गेलेला इतका मुरूम कडेच्या गवतात होता हे माहीतच नव्हतं, नवीन फक्त दोन ट्रॉली आणावा लागला. दोरी लावून मोजलं, मध्य सव्वादोन ते अडीच इंच उंच. शेवटी उलटी ब्लेड, आणि भरलेली ट्रॉली चार वेळा वरून नेली, दाबायला. डावीकडचा चर शेजारच्यांशी बोलून नाल्यापर्यंत नेला. त्यांच्याही शेतात पाणी थांबायचं, ते लगेच हो म्हणाले.

फाटकापाशी मात्र मोरी लागणार. ते उन्हाळ्यात.


गिट्टी_मुरूम
११ नोव्हेंबर, रात्री ९:००

मोरीच्या नळ्या टाकताना त्यांना चराच्या दिशेने उतार द्या, आणि वर निदान फूटभर भरावा. ट्रॉलीच्या चाकाखाली उघड्या नळ्या फुटतात. पहिला मावठा पडला की रस्त्यावर पाणी कुठे थांबतं ते खडूने नाही, काठ्या रोवून खूण करून ठेवा. एरवी विसरायला होतं.


रामबाग_ते_बफेलो
२ डिसेंबर, सकाळी ७:५५

आज इथे पहिलं मोठं बर्फ, चौदा इंच. बॅटरी रात्रभर चार्जरवर होती, गारठ्यात तिची ताकद निम्म्यावर येते. बूट इंचभर उंच. वजनं, साखळ्या लावून पाऊण तासात रस्ता मोकळा. ब्लेड वळवताना तुमचे ४७ इंच आठवले.


सिमरोलची_वाट
९ जानेवारी, रात्री ८:३०

परवा रात्रभर मावठा पडला. सकाळी छत्री घेऊन रस्त्यावर गेले. पाणी मधून दोन्हीकडे उतरून चरात पळत होतं. दोन जागी थांबलं होतं, एक फाटकापाशी, ते माहीतच होतं, आणि एक निंबाच्या झाडाखाली, तिथे उंची कमी पडली आहे. दोन्हीकडे काठ्या रोवल्या.

दहाच्या सुमाराला व्यापाऱ्याची पिकअप डांबरी रस्त्यावर येऊन नेहमीसारखी थांबली. मी हात केला. ड्रायव्हर उतरून रस्ता चालत बघून आला, मग गाडी आत घेतली, शेडपर्यंत. बावीस क्रेट शेडच्या दारातच भरले. मनगटाचं प्लास्टर निघालेल्या ताईंनी शेवटचा क्रेट वर दिला.